कळ कोणाच्या हाती?

मराठीत 'कळ' हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. यंत्र सुरू करते ती कळ, दुखऱ्या दातातून येते ती कळ, आणि दोघांत भांडण लावून देतात तीही कळच. या शब्दांची मुळे वेगवेगळी आहेत असे पंडित सांगतील आणि ते खरेही असेल. परंतु ज्याने तीस वर्षे कारखान्यांच्या दारांत उभे राहून कामगारांची गाऱ्हाणी ऐकली, त्याला या तिन्ही कळा एकाच घरच्या वाटतात. कळ कोणाच्या हाती यावरून भांडण होते, आणि ते भांडण नीट मिटले नाही तर कोणाला तरी कळ सोसावी लागते.

आजचा विषय मात्र खेळण्यांचा आहे. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या बाजूला गणेशोत्सवाच्या देखाव्यांत एक नवी कारागिरी माझ्या पाहण्यात आली आहे. बाजारातून रिमोटवर चालणारी स्वस्त मोटार आणायची, तिचा टप आणि चाके काढून टाकायची, पोटातली लहानशी पाटी बाहेर घ्यायची, आणि त्या पाटीला देखाव्यातली बाहुली, दिवा किंवा पंखा जोडायचा. मग मांडवाच्या कोपऱ्यात उभा असलेला मुलगा हातातली कळ दाबतो आणि इकडे राक्षस मान हलवतो, पूल उघडतो, गिरणीच्या धुराड्यातून वाफ निघते. खेळण्यांशी कामगार चळवळीच्या माणसाचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, दुरून हुकूम देऊन काम करून घेणे हा आमच्या चळवळीचा जुनाच विषय आहे. या खेळण्याच्या पोटात त्या विषयाचा सगळा इतिहास दडलेला आहे.

आरंभ आपल्या घरापासूनच करू. 'कळसूत्री' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यात कळ आणि सूत्र असे दोन पदार्थ आहेत याकडे आपले लक्ष नसते. १२९० सालच्या ज्ञानेश्वरीत सूत्राने हलणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त आहे. अर्थात ज्या श्रोत्यांसाठी तो दिला, त्यांनी असा खेळ पाहिलेला असला पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या दोन्ही कला आजवर जतन केल्या. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्याहून मागे जायचे तर धारचा राजा भोज आहे. अकराव्या शतकातल्या त्याच्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र अध्याय आहे, आणि त्यात नाचणाऱ्या बाहुल्या व दारावर पहारा करणारा लाकडी पुरुष यांची वर्णने आहेत. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ तर इतिहासप्रसिद्धच आहे. इंग्रज शिपायाच्या छातीवर बसलेल्या या वाघाची मूठ फिरवली की आतले भाते चालतात, शिपाई कण्हतो आणि त्याचा हात वरखाली होतो. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हा इंग्रजांनी तो लुटून नेला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खेळण्यात राजकारण घालण्याची युक्ती आजकालच्या मंडळांनी शोधून काढली असे समजण्याचे कारण नाही.

या सगळ्या जुन्या खेळांत एक गोष्ट समान आहे. बाहुलीला हुकूम देणारा जो हात, तोच तिला बळही देतो. दोरी ओढणारा थांबला की बाहुली थांबते आणि दोरी ओढणारा दमला की बाहुलीही दमते. आज्ञा आणि शक्ती एकाच दोरीतून जातात. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोघींची फारकत कशी झाली याची हकिगत आहे.

ही हकिगत समजून घेण्यास ठाणेकर आणि कल्याणकर यांना दूर जावे लागत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा प्रवास. पुढच्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणास पोहोचली. आगगाडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे इंजिन येते. मला मात्र त्या मार्गावर पुढे उभे राहिलेले सिग्नलचे हात अधिक महत्त्वाचे वाटतात. केबिनमन आपल्या केबिनीत लोखंडी दांडा ओढी, त्या दांड्याची तार कप्प्यांवरून शेकडो मीटर धावत जाई आणि खांबावरचा हात खाली पडे. ही कळसूत्री बाहुलीच होती. फरक एवढाच की ही बाहुली नाचली नाही तर माणसे मरत.

म्हणून रेल्वेच्या कारागिरांनी तिला दोन शहाणपणाच्या गोष्टी शिकवल्या. पहिली गोष्ट वजनाची. खांबावर एक वजन असे लावलेले असे की तार तुटली तर हात आपोआप आडवा व्हावा, म्हणजे 'थांबा' असे सांगावे. तारेत बिघाड झाला तर गाडी उशिरा येईल, पण आदळणार नाही. दुसरी गोष्ट दांड्यांना परस्परांत अडकवण्याची. इंग्लंडात जॉन सॅक्सबीने १८५६ साली अशा रचनेचे पेटंट घेतले. तिचे तत्त्व असे की, एका मार्गाचा सिग्नल पाडला असेल तर त्याला छेद देणाऱ्या मार्गाचा दांडा हलूच नये. केबिनमन झोपेत असो की रागात असो, दोन परस्परविरुद्ध हुकूम एकाच वेळी देणे त्याला अशक्य व्हावे. हुकूम देणाऱ्यावरही बंधन असले पाहिजे हा विचार लोखंडात ओतला गेला तो असा. आमच्या कित्येक करारांत तो अजून शाईतही नीट उतरलेला नाही.

तथापि तारेतून जाणारे बळ केबिनमनच्या दंडाचेच होते. वैशाखाच्या उन्हात तार लांबून सैल पडे, आणि तिचा ताण पुन्हा जुळवून घ्यावा लागे. आज्ञा आणि शक्ती यांची खरी फारकत झाली ती विजेच्या चुंबकामुळे. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री याने १८३५ च्या सुमारास अशी जोडणी दाखवली की, दुरून आलेला क्षीण प्रवाह एका चुंबकाला जागा करतो आणि तो चुंबक जवळच्या मोठ्या बॅटरीची कळ मिटवतो. यालाच आपण रिले म्हणतो. रिले म्हणजे मूळ अर्थाने टप्प्याटप्प्यावर बदलायचे डाकेचे ताजे घोडे. निरोप तोच राहतो, घोडा मात्र नवा. तारायंत्र दूरवर गेले ते या युक्तीने, आणि आपल्या मांडवातला राक्षस मान हलवतो तोही याच युक्तीने. हुकूम देणाऱ्याच्या अंगी आता बळ असण्याची गरज उरली नाही. त्याच्या हाती कळ असली म्हणजे पुरे.

पुढे तारही गेली. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास लोकांसमक्ष भिंतींच्या पलीकडे विद्युत्‌लहरी पाठवून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. त्यानंतर १८९८ साली निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक लहान बोट सोडली आणि दूर उभे राहून ती वळवली, तिचे दिवे लावले, मालवले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात त्याला त्याचे पेटंट मिळाले. तेव्हा रिमोटचे पहिले प्रसिद्ध खेळणे हे एक जहाज होते, आणि ते करणाऱ्याच्या मनात खेळाबरोबर युद्धही होते हे विसरू नये.

घरात ही वस्तू आली ती दूरदर्शन संचाच्या पाठीवर बसून. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५० साली तारेचा, १९५५ साली प्रकाशझोताचा आणि १९५६ साली ध्वनीचा रिमोट काढला. प्रकाशझोताच्या रिमोटची गंमत अशी की, खिडकीतून ऊन आले तरी कार्यक्रम बदले. हुकूम कोणाचा आणि ऊन कोणते हे संचाला कळत नसे. आपल्याकडे १९८२ नंतर रंगीत संच आले आणि त्यांच्या मागोमाग रिमोटही आला. शब्द तर एवढा रुळला की १९९५ साली महाराष्ट्रात युतीचे सरकार आले तेव्हा त्याचा रिमोट कंट्रोल आपल्या हाती असल्याचे बाळासाहेब ठाकरे जाहीरपणे सांगत. ज्या शब्दाचा अर्थ समजावण्यास विज्ञानाचे पुस्तक लागले असते, तो राजकारणाने एका दिवसात खेडोपाडी पोहोचवला.

आता आपल्या मांडवाकडे येऊ. सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांनी १८९३ पासून उभा केला. कल्याणच्या सुभेदार वाड्यातला उत्सव त्याच दशकातला. आरंभीची वर्षे व्याख्यानांची आणि मेळ्यांची होती. हलते देखावे नंतर आले, आणि ते करणारे हात बव्हंशी कामगारांचे होते. गिरणगावात ज्याने दिवसा साच्यावर काम केले, तोच रात्री मांडवात लाकडी चक्र कापत बसे. त्याला हे काम कोणी शिकवले असे विचाराल तर उत्तर सोपे आहे: गिरणीने. मुंबईत १८५६ साली पहिली कापडगिरणी चालू झाली. तेव्हापासून एका वाफेच्या इंजिनावर एक लांब दांडा फिरे आणि त्या दांड्यावरून पट्टे उतरून शेकडो यंत्रे चालत. जुना हलता देखावा उघडून पाहा, आत हीच गिरणी दिसेल. एक मोटर, एक दांडा, त्यावर कमीअधिक उंचवट्याची चक्रे. एका चक्राने हनुमंताची शेपटी हलते, दुसऱ्याने रावणाचा हात. दांडा फिरू लागला की सगळे हलणार, थांबला की सगळे थांबणार. कोणीही आपल्या वेळेने हलणार नाही.

१९१५ साली खोपोलीची वीज गिरण्यांस मिळू लागली. इंजिनाची जागा विजेच्या मोटरींनी घेतली, आणि पुढे हळूहळू एकेका यंत्राला आपापली मोटर मिळून पट्टे उतरले. कळ यंत्रापाशी आली. हाच बदल मांडवात शंभर वर्षे उशिरा घडतो आहे. खेळण्यातल्या पाटीमुळे प्रत्येक बाहुलीला स्वतःची मोटर आणि स्वतःचा हुकूम मिळाला. त्यामुळे देखाव्याची कथाच बदलते. निवेदक थांबला तर बाहुली थांबते. लहान मूल पुढे आले तर हत्ती त्याच्याकडे सोंड वळवू शकतो. दांड्यावरचा देखावा पाठ केलेले म्हणतो. कळीवरचा देखावा प्रेक्षकाला उत्तर देतो.

ही कारागिरी आपल्याच भागात का रुजावी यालाही कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत १९६२ साली ठाण्यास वागळे इस्टेट येथे झाली. ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवलीची वसाहत आणि अंबरनाथ हे तिचे सोबती. ठाकुर्लीस खाडीकाठी रेल्वेचे चोळा वीजघर १९२९ पासून अनेक दशके चालू होते. फिटर, वायरमन, टर्नर, सिग्नल खात्यातले कारागीर अशी माणसे येथे चाळीचाळींतून राहत आली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले आणि तेथलीही कित्येक कुटुंबे लोकलच्या मार्गाने या बाजूस सरकली. कारखाने एकामागून एक बंद पडले, पण हातातले कसब कुलूप लावून बंद होत नाही. डोंबिवलीने १९९९ साली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि ती प्रथा पुढे गावोगाव पसरली. तिच्या चित्ररथांनी या कसबाला दुसरे अंगण दिले.

प्रत्यक्ष काम कसे करतात ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातच बोध आहे. स्वस्त खेळण्यातला रिमोट बहुधा २७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. कळ पुढे दाबली की पाटी मोटरीला एका दिशेने प्रवाह देते, मागे दाबली की उलट दिशेने. कारागीर मोटर काढून तिच्या जागी लहान रिले बसवतो. पण रिलेच्या चुंबकाला पुढचे-मागचे कळत नाही. प्रवाह कुठूनही आला तरी तो ओढतोच. म्हणून दोन रिले घ्यायचे आणि प्रत्येकासमोर एकेक डायोड उलटसुलट बसवायचा. डायोड म्हणजे एकाच बाजूने उघडणारे दार. आता 'पुढे' म्हटले की पहिली बाहुली हलते, 'मागे' म्हटले की दुसरी. एका स्वस्त खेळण्यात दोन हुकूम झाले, आणि सुकाणूचे दोन धरले तर चार. लॅमिंग्टन रोडला मिळणाऱ्या किरकोळ सामानात हे काम भागते.

अडचण एवढीच की अशी अनेक खेळणी एकाच लहरीवर बोलतात. शेजारच्या इमारतीतल्या मुलाने आपली मोटार पुढे नेली की इकडे मांडवात कुंभकर्ण उठून बसतो. लोक हसतात, हसण्यासारखेच आहे. परंतु याच जागी माझ्यातला संघटक जागा होतो. कुंभकर्णाच्या पोटात सहा व्होल्टची बॅटरी असेल तर विनोद झाला. पण त्याच रिलेने घरातली २३० व्होल्टची वीज जोडली असेल, भाद्रपदाचा पाऊस मांडवातून गळत असेल, आणि एखादा पोरगा आत हात घालून तुटलेली तार जोडत असेल, तर ती पहिली कळ दुसऱ्या कळीत बदलण्यास क्षण पुरतो.

कारखान्यांनी हा धडा रक्त सांडून घेतलेला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमाने असे घालून दिले की, प्रत्येक कामाच्या खोलीत चालत्या यंत्रांची शक्ती आणीबाणीत तोडण्याचे साधन असावे. आणि ते साधन चुकून बंदचे चालू होण्यासारखे असेल तर त्याला बंद स्थितीत कुलूप लावण्याची सोय असावी. या कुलपाचा अर्थ नीट समजून घ्या. यंत्रात ज्याचा हात आहे, किल्ली त्याच्या खिशात हवी. पलीकडच्या खोलीतला माणूस कितीही मोठा असो, कितीही सज्जन असो, त्याला ती कळ दाबता येता कामा नये. माझ्या तीस वर्षांत मी जे कापलेले हात पाहिले त्यांतले बरेचसे क्रौर्याने कापले गेले नव्हते. ते दूरच्या माणसाने, आत कोण आहे हे न दिसल्याने, चांगल्या हेतूने दाबलेल्या कळीने कापले गेले होते.

म्हणून मंडळांच्या मुलांना मी तीन गोष्टी सांगत असतो, आणि त्या तिन्ही वर आलेल्या इतिहासातूनच घेतलेल्या आहेत. खेळण्याच्या पाटीने खेळण्याचेच बळ चालवावे; घरची वीज तिच्या अंगावर घालू नये, ते काम जाणत्या वायरमनचे. लहर तुटली तर बाहुली थांबली पाहिजे, चालू राहता कामा नये. सिग्नलच्या वजनाने हेच शिकवले. आणि सगळी शक्ती तोडणारी लाल कळ बिनतारी नसावी. ती तारेची असावी, डोळ्यांसमोर असावी, आणि आत हात घालणाऱ्याच्या ताब्यात असावी.

याच खेळण्याचा एक उपयोग असा आहे की तो पाहिल्यावर माझे या वस्तूविषयीचे मत निश्चित झाले. मेंदूच्या पक्षाघाताने ज्या मुलांची बोटे वळत नाहीत, त्यांना बाजारातले खेळणे चालवता येत नाही, कारण त्याची कळ हरभऱ्याएवढी असते. जगभर अशा मुलांचे शिक्षक आणि हौशी कारागीर खेळणे उघडतात, त्या कळीच्या दोन तारा बाहेर काढतात आणि त्यांना बशीएवढी मोठी कळ जोडतात. ती तळहाताने दाबता येते, कोपराने, किंवा डोके टेकूनही. मांडवातल्या कारागिरीहून हे काम सोपे आहे. साध्या डाग देण्याच्या सळईने अर्ध्या तासात होते. ज्या मुलाला आजवर सगळ्यांनी उचलले, भरवले, फिरवले, त्याने डोके टेकताच समोरचे माकड झांजा वाजवू लागते. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हुकमाने काहीतरी हलते.

आजवरचा इतिहास पाहता कळ नेहमी वर गेली: बाहुलीवाल्याकडून केबिनीकडे, केबिनीतून कचेरीकडे. येथे ती खाली आली आहे. कामगार चळवळीने दुसरे मागितले तरी काय? १८४८ साली ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या मागण्यांचा पाठपुरावा केला, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीचा भोंगा हाही दुरून हुकूम देणारी कळच होता, आणि लोखंड्यांनी आठवड्यातला एक दिवस तिच्या कक्षेबाहेर काढला. त्या एका मोकळ्या दिवसावरच आपले मेळे, देखावे आणि ही व्याख्याने उभी आहेत.

शेवटी एक मागणी. मागणीवाचून आमच्यासारख्यांचे भाषण पुरे होत नाही. मांडवाच्या कमानीवर वर्गणीदारांची, पुढाऱ्यांची आणि जाहिरातदारांची नावे असतात. देखावा ज्याने हलवला त्या वायरमनचे, फिटरचे, खेळणी उघडणाऱ्या पोराचे नाव कोठेच नसते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याची चक्रे नि रिले भंगारात जातात, आणि त्याबरोबर या गावाच्या कारागिरीचा एक वर्षाचा इतिहासही जातो. प्रत्येक मंडळाने आपल्या देखाव्याच्या जोडणीचा एक कागद आणि एक जुने चक्र जपून ठेवावे, आणि त्या कागदावर जोडणाऱ्याचे नाव लिहावे. एवढे झाले तर पन्नास वर्षांनी या व्यासपीठावर उभ्या राहणाऱ्या वक्त्याला आमच्या गावचा इतिहास सांगण्यासाठी लंडनच्या संग्रहालयातल्या वाघापर्यंत जावे लागणार नाही.